चर्चिलचा खांदा आणि नवं पिस्तूल

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात विन्स्टन चर्चिल येतो तेव्हा तो म्हातारा असतो. डोक्यावर टोपी, तोंडात चिरूट आणि भारताला स्वातंत्र्य देण्याला ठाम विरोध. मी ज्याच्याबद्दल लिहिणार आहे तो याच माणसाचा तरुणपणीचा अवतार आहे, बंगळुरूच्या छावणीत राहणारा एकवीस-बावीस वर्षांचा घोडदळाचा अधिकारी. त्या वयात तो आमच्या बारावीच्या सीनियर्सपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा होता, म्हणून मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे.

आमचं घर बंगळुरूला एचएसआर लेआउटमध्ये, अगरा तळ्याजवळ आहे. एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड, हे मला तिथे राहायला गेल्यावर वर्षभराने कळलं. चर्चिलच्या वेळी या भागात गावं, तळी आणि शेतं होती. गोऱ्या फौजेची छावणी इथून आठ-नऊ किलोमीटरवर, आजच्या एमजी रोडच्या बाजूला. दिवाळीच्या सुट्टीत आजोबा पुण्याहून आमच्याकडे आले होते. ते खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत तपासणी विभागात होते. चर्चिलच्या पिस्तुलाची गोष्ट मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी चर्चिलबद्दल काहीच विचारलं नाही, फक्त पिस्तुलाबद्दल विचारलं. त्यामुळे या लेखातलं यंत्राचं जे काही आहे ते बरंचसं त्यांनी समजावलेलं आहे.

चर्चिलचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ चा, ब्लेनहाइम नावाच्या राजवाड्यातला. वडील लॉर्ड रँडॉल्फ मोठे राजकारणी, आई जेनी अमेरिकन. आठ वर्षं पूर्ण व्हायच्या आतच त्याला बोर्डिंगमध्ये टाकलं. पहिल्या शाळेत मुलांना वेताने फोडून काढत. तो आईला भेटायला या म्हणून पत्रांमागून पत्रं लिहायचा आणि आई क्वचितच यायची. त्याच्यावर खरी माया केली ती सांभाळणाऱ्या बाईने, मिसेस एव्हरेस्टने. आमच्या होस्टेलमधल्या ज्यांनी सहावीचे पहिले दोन महिने काढले आहेत त्यांना यावर जास्त सांगायला नको.

पुढे हॅरो शाळेत तो लॅटिनमध्ये कच्चा राहिला आणि बराच काळ खालच्या तुकडीत बसला. पण एक गोष्ट त्याला उत्तम जमायची, तलवारबाजी. १८९२ साली इंग्लंडच्या मोठ्या शाळांमधली फेन्सिंगची स्पर्धा त्याने जिंकली. हे लक्षात ठेवा, कारण तलवार चालवता येणाऱ्या माणसाने तलवार का सोडली हाच पुढचा विषय आहे. सँडहर्स्टच्या प्रवेश परीक्षेत तो दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा पास झाला, पण पायदळाला लागतात तेवढे गुण नव्हते, म्हणून घोडदळ मिळालं. त्या काळी घोडदळात घोड्यांचा खर्च अधिकाऱ्यालाच करावा लागे, त्यामुळे वडील भडकले. जानेवारी १८९५ मध्ये वडील वारले आणि पुढच्याच महिन्यात तो फोर्थ हुसार्स या रेजिमेंटमध्ये दाखल झाला.

ऑक्टोबर १८९६ च्या सुरुवातीला ही रेजिमेंट जहाजाने मुंबईला आली. उतरायची घाई झालेल्या काही अधिकाऱ्यांनी एक छोटी होडी केली आणि ते ससून डॉकच्या पायऱ्यांपाशी पोहोचले. पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या, भिंतीत धरायला लोखंडी कड्या, आणि होडी लाटांबरोबर चार-पाच फूट वर-खाली होत होती. चर्चिलने उजव्या हाताने कडी पकडली आणि नेमकी त्याच क्षणी होडी खाली गेली. खांद्याला जबर हिसका बसला. तो पायऱ्या चढून वर आला, थोडा वैतागला आणि विसरूनही गेला. पण सांध्याचं कायमचं नुकसान झालं होतं. त्यानंतर हा खांदा आयुष्यभर केव्हाही निखळायचा; उशीखाली हात घालून झोपताना, कपाटातलं पुस्तक काढताना, पोहताना.

रेजिमेंट पुण्याला दोन दिवस थांबून बंगळुरूला आली. तिथे दोन मित्रांबरोबर त्याने गुलाबी-पांढऱ्या रंगाचा बंगला घेतला. सकाळी सहाला परेड, दुपारी उन्हामुळे सगळं बंद, संध्याकाळी पोलो. मोकळ्या दुपारी बाकीचे झोपत किंवा पत्ते खेळत, आणि याने आईकडून पुस्तकांच्या पेट्या मागवल्या. गिबन, मेकॉले, प्लेटो. कॉलेजला न गेलेल्या या माणसाने आपलं कॉलेज बंगळुरूच्या त्या व्हरांड्यात केलं. त्याने फुलपाखरंही जमवली होती, पण एका उंदराने सगळा संग्रह खाल्ला. बंगळुरू क्लबच्या १८९९ च्या नोंदवहीत बिल न भरलेल्यांच्या यादीत लेफ्टनंट चर्चिलच्या नावावर तेरा रुपये आहेत. क्लबवाले ते पान अजून जपून ठेवतात.

खांद्याचा पहिला परिणाम पोलोवर झाला. काठी पूर्ण फिरवली की हात निखळण्याची भीती. त्याने खेळ सोडला नाही. दंडाला चामड्याचा पट्टा बांधून हात अंगाशी जखडून घेतला आणि जेवढा हात हलतो तेवढ्यात बसेल असा खेळ बसवला. मला वाटतं त्याच्या स्वभावाची किल्ली इथे आहे. बिघाड कुठे आहे हे त्याने स्वतःशी नीट कबूल केलं आणि मग त्याच्याभोवती सगळं जुळवून घेतलं.

१८९७ मध्ये वायव्य सरहद्दीवर मलाकंडला लढाई पेटली. त्याने ओळखी काढून तिथे जायची परवानगी मिळवली आणि बंगळुरूहून पाच दिवसांचा रेल्वे प्रवास करून तो पोहोचला. १६ सप्टेंबरला मामुंद खोऱ्यात त्याची तुकडी मागे हटत असताना पठाण अगदी अंगावर आले. जखमी होऊन पडलेल्या एका अधिकाऱ्यावर एक जण तलवारीने वार करत होता. चर्चिलने आपली लांब तलवार उपसली. शाळेतलं फेन्सिंगचं पदक त्याला आठवलं असं तो नंतर लिहितो. पण समोरचा वाट पाहत उभा राहिला आणि आजूबाजूला आणखी माणसं दिसू लागली, तेव्हा त्याने विचार बदलून रिव्हॉल्व्हर काढलं. एक गोळी झाडली, काही झालं नाही. दुसरी, तिसरी. लागली की नाही हे त्यालाही कळलं नाही. शेवटी तो धावत मागे आला. या मोहिमेवर त्याने बंगळुरूला परतून पहिलं पुस्तक लिहिलं, आणि ते वाचून इंग्लंडच्या पंतप्रधानांनी त्याला भेटीला बोलावलं.

१८९८ च्या उन्हाळ्यात तो रजेवर लंडनला गेला. सुदानमध्ये जनरल किचनर मोहिमेवर निघाला होता आणि चर्चिलला तिथे जायचं होतं. किचनरला मात्र हा पुढेपुढे करणारा पोरगा नको होता. पुन्हा ओळखी, पुन्हा पत्रं, आणि अखेर एकविसाव्या लान्सर्समध्ये जागा मिळाली. जाताना त्याने एक नवं शस्त्र बरोबर घेतलं, मॉझरचं स्वयंचलित पिस्तूल.

आता आजोबांचा भाग. हे पिस्तूल १८९६ मध्ये बाजारात आलं होतं, म्हणजे चर्चिलने घेतलं तेव्हा त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या मॉझर कारखान्यात फेडरले भावांनी त्याची रचना केली. तेव्हाचे ब्रिटिश अधिकारी रिव्हॉल्व्हर बाळगत, आणि त्याला सबळ कारण होतं. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस उडालं नाही तर पुन्हा चाप ओढायचा. चक्र फिरतं आणि पुढचं काडतूस समोर येतं. स्वयंचलित पिस्तुलाचं तसं नसतं. त्यात झाडलेल्या गोळीच्या धक्क्यावरच पुढचं सगळं काम चालतं. गोळी पुढे जाते, नळी आणि तिच्यामागचा भाग थोडा मागे सरकतो, कुलूप सुटतं, बोल्ट आणखी मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, हॅमर चढवतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवं काडतूस नळीत ढकलतो. एक काडतूस फुसकं निघालं की साखळी तुटते. मग हाताने बोल्ट मागे ओढायला हवा, आणि एका हातात लगाम असलेल्या स्वाराला दुसरा हात आणायचा कुठून?

मी विचारलं की नवीन पिस्तूल अडकायला लागलं तर आधी काय बघायचं. आजोबा म्हणाले की लोक आधी पिस्तुलाला शिव्या देतात, पण बघायचं शेवटपासून. आधी काडतूस. बुडाची टोपी नीट बसली आहे का, पिनेचा ठसा खोल आहे की वरवर. मग मॅगझिन, म्हणजे स्प्रिंग काडतूस पुरेशा जोराने वर ढकलते का. मग घाण आणि तेल. तेल कमी असेल तर भाग घासतात, जास्त असेल तर वाळू चिकटते, आणि वाळवंटात दुसरा त्रास मोठा. मग धरणाऱ्याची पकड. मनगट सैल असेल तर पिस्तूलच हातासकट मागे जातं आणि बोल्टला पुरतं मागे यायला जोर उरत नाही. हे सगळं नीट असूनही अडकत असेल तर मग पिस्तूल कारखान्याकडे पाठवायचं. आमचे वेपन ट्रेनिंगचे उस्ताद पॉइंट टू टू रायफलवर वेगळ्या शब्दांत हेच सांगतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: चिंदी मारली होती का?

मॉझरमध्ये काही गोष्टी चांगल्या होत्या. मॅगझिन चापाच्या पुढे, पक्कं बसवलेलं, त्यामुळे ते हलून बिघडण्याचा प्रश्न नाही. दहा काडतुसांची पट्टी वरून बसवायची, अंगठ्याने दाबायची, की सगळी एकदम आत. काडतुसाचं तोंड मानेपाशी निमुळतं, त्यामुळे ते नळीत सहज शिरतं. म्यान लाकडाचं, तेच मागे जोडलं की खांद्याला लावायचा दस्ता होतो. पण नुसत्या चांगल्या रचनेवर भरवसा ठेवावा इतका काळ हे पिस्तूल कोणी वापरलेलं नव्हतं. चर्चिलने यावर साधा उपाय केला. नाईल नदीतून वर जाताना आणि पुढच्या कूचमध्ये त्याने या पिस्तुलाचा कसून सराव केला.

२ सप्टेंबर १८९८, ओमदुरमान. एकविसाव्या लान्सर्सचे सुमारे चारशे स्वार एका रांगेत येऊन धावू लागले. समोर मोजके रायफलवाले दिसत होते. चर्चिलच्या हातात तलवार होती, कारण ड्रिलप्रमाणे ती काढलेलीच असते. पण त्याचं आधीच ठरलं होतं: हातघाई झाली तर खांद्यामुळे तलवारीवर विसंबायचं नाही. दौडत्या घोड्यावर तलवार पुन्हा म्यानात घालणं काय असतं ते आपल्या रायडिंगवाल्यांनी करून बघावं (उस्तादांना विचारून). ती त्याने घातली, मग लाकडी म्यानातून मॉझर काढलं आणि हॅमर चढवला. एवढं होईपर्यंत वर पाहतो तर शत्रू अगदी समोर. त्यांच्या पाठीमागे कोरड्या ओढ्याचं खोल पात्र होतं आणि त्यात शेकड्यांनी माणसं दबा धरून बसली होती.

घोडा त्या पात्रात उतरला आणि पलीकडे चढला. बाजूला जमिनीवर पडलेला एक जण घोड्याच्या पायाची शीर तोडायला तलवार उचलत होता. चर्चिलने खोगिरातून वाकून दोन गोळ्या झाडल्या. सरळ होतो तोच दुसरा तलवार उगारून समोर. ही गोळी झाडली तेव्हा अंतर इतकं कमी होतं की पिस्तूल त्या माणसाला लागलं. डावीकडे चिलखत घातलेला एक स्वार आला. त्याच्यावर गोळी झाडल्यावर तो वळून गेला. काही क्षण तो एकटाच पडला, मग आपल्या ट्रूपकडे दौडत गेला. तेवढ्यात ट्रूपच्या मधोमध एक जण भाला घेऊन उठला आणि चर्चिलवर धावला. तो हातभर अंतरावर पडला. मग चर्चिलच्या लक्षात आलं की मॅगझिन रिकामं आहे. दुसरं काही सुचायच्या आत त्याने नवी पट्टी भरली.

आईला लिहिलेल्या पत्रात त्याने हिशोब दिला आहे: दहा गोळ्या. दहाही उडाल्या. हा सगळा प्रकार दोन-तीन मिनिटांचा. तेवढ्यात रेजिमेंटची सत्तरच्या आसपास माणसं आणि एकशे एकोणीस घोडी मेली किंवा जखमी झाली. आजोबांनी हे ऐकून थोडा वेळ हिशोब केला आणि ते म्हणाले की दहापैकी चौथं काडतूस फुसकं निघालं असतं तर हा माणूस तिथेच संपला असता, कारण लगाम सोडून बोल्ट ओढायला त्याला वेळच नव्हता. त्या काडतुसांच्या टोप्या जर्मनीत बसवणाऱ्या कामगाराचं नाव कुणाला माहीत नाही, असंही ते म्हणाले.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. आमच्या बिल्डिंगमधला माझा मित्र बंगाली आहे. हा लेख मी लिहितोय हे कळल्यावर त्याने विचारलं की तुला दुसरा कुणी मिळाला नाही का. त्याच्या पणजीच्या गावात १९४३ च्या दुष्काळात घरंच्या घरं रिकामी झाली होती. त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्या दुष्काळात बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसं गेली असं इतिहासकार मानतात. तेव्हा चर्चिल पंतप्रधान होता. दिल्लीहून धान्याची जहाजं मागितली जात होती आणि त्याच्या मंत्रिमंडळाने मागितलं त्याहून फार कमी दिलं. त्याच वर्षी लाखो भारतीय सैनिक त्याच्या बाजूने लढत होते. आणि ओमदुरमानलाही त्या एका धावेपलीकडे काय झालं ते विसरता येत नाही: तोफा आणि मॅक्सिम गन समोर दहा हजारांहून जास्त सुदानी मेले, ब्रिटिश आणि इजिप्शियन फौजेचे पन्नासही नाहीत. ज्यांच्यावर त्या दहा गोळ्या झाडल्या ते स्वतःच्या देशात उभे होते. मी मित्राला एवढंच सांगितलं की मी त्याची आरती लिहीत नाहीये. तो म्हणाला, मग दुष्काळाचंही लिही. ते लिहिलं.

लढाईनंतर किचनरच्या फौजेने जखमी सुदानी सैनिकांना कसं वागवलं आणि महदीची कबर कशी उद्ध्वस्त केली यावर चर्चिलने आपल्या पुस्तकात उघड टीका केली, हेही खरं आहे. त्या पुस्तकाचा काही भाग त्याने बंगळुरूला परतल्यावर लिहिला. १८९९ च्या फेब्रुवारीत पोलो सामन्यांसाठी जाताना जोधपूरला तो जिन्यावरून पडला आणि तोच खांदा पुन्हा निखळला. तरी मेरठच्या अंतिम सामन्यात तो हात अंगाशी बांधून खेळला आणि फोर्थ हुसार्स जिंकले. त्यानंतर त्याने फौज सोडली.

मॉझर मात्र त्याच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेलं. तिथे तो बोअर युद्धाचा वार्ताहर होता. १५ नोव्हेंबर १८९९ ला ज्या चिलखती आगगाडीत तो होता तिच्यावर बोअरांनी हल्ला केला. काही डबे रुळावरून घसरले. गोळीबारात तासाभराहून जास्त वेळ उभं राहून त्याने इंजिनासाठी वाट मोकळी करून घेतली, आणि हे काम करताना पिस्तूल अडचणीचं होतं म्हणून काढून इंजिनावर ठेवलं. जखमींना घेऊन इंजिन निघून गेलं, आणि हा मागे राहिलेल्यांना आणायला परतला. रुळालगत एका घोडेस्वाराने त्याच्यावर रायफल रोखली. चर्चिलचा हात कमरेकडे गेला. तिथे काही नव्हतं. त्याने हात वर केले. खिशात मॉझरच्या दोन भरलेल्या पट्ट्या होत्या, त्यातली एक त्याने पुढे चालताना गुपचूप टाकून दिली.

आजोबांच्या मते त्या दिवशीही त्याचं नशीबच जोरावर होतं. पिस्तूल हातात असतं तर समोरच्याने रायफल झाडली असती.

त्याला प्रिटोरियाला एका शाळेच्या इमारतीत कैदेत ठेवलं. १२ डिसेंबरच्या रात्री तो भिंत ओलांडून पळाला, मालगाडीत लपला, काही दिवस एका कोळशाच्या खाणीत उंदरांच्या सोबतीने काढले आणि पोर्तुगीजांच्या हद्दीत पोहोचला. इंग्लंडमध्ये त्याचं नाव घरोघरी झालं. १९०० मध्ये तो ओल्डहॅममधून खासदार झाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: १९११ पासून आरमाराचा मंत्री, १९१५ मध्ये गॅलिपोलीचं अपयश आणि राजीनामा, १९१६ मध्ये पश्चिम आघाडीच्या खंदकांत एका बटालियनचा प्रमुख, १९४० मध्ये पंतप्रधान, १९४५ मध्ये युद्ध जिंकूनही निवडणुकीत पराभव, १९५१ मध्ये पुन्हा पंतप्रधान, १९५३ मध्ये साहित्याचं नोबेल. २४ जानेवारी १९६५ ला तो वारला. वडीलही २४ जानेवारीलाच गेले होते, सत्तर वर्षांपूर्वी. त्याला ब्लेनहाइमजवळच्या ब्लॅडन गावात वडिलांच्या शेजारी पुरलं आहे.